दीड सेकंद

चाळीसगाव सुटलं की कन्नडचा घाट समोर उभा,
आणि माझ्या पिकअपमध्ये मागे काचा:
चार मिलिमीटरच्या बावीस, सहाच्या नऊ,
मधे पोती, गवत, जुन्या गादीचा कापूस.

पहिल्या वळणावर पाय दाबतो.
गाडी विचार करते.
एक.
आणि वर अर्धा.
मग अशी उसळते की कुणी पाठीत धपाटा घातला.
मागे एक काच बोलते, नुसतं टिक्.
वर पोचायच्या आधीच मला कळलेलं असतं,
हतनूरच्या सोनाराच्या शोकेसची, तीच.

रऊफ पिंजारीला हे सांगितलं
तर त्यानेही तेवढाच वेळ घेतला.
डावा कान लहानपणीच गेलेला, उजवा अर्धा;
तो आधी ओठ बघतो, शब्द जुळवतो, मग बोलतो:
"काय व्हयनं, निंबाभाऊ? गाडी आयकत नही?"

त्याची शमीम जळगावला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला.
ओढणी कमरेला खोचून बॉनेटखाली वाकली
आणि मला शिकवणी दिली.
इंजिनाचा धूरच टर्बोचं चाक फिरवतो, भाऊ,
दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक आत हवा कोंबतं.
तुम्ही पाय दाबता तेव्हा धूर असतो थोडा.
चाक जड. हवा येईना.
हवा नाही तर जास्तीचं डिझेल जळणार कशात,
आणि जळलं नाही तर धूर वाढणार कसा?

"उधारीसारखं," मी म्हणालो,
"धंदा नाही म्हणून माल नाही, माल नाही म्हणून धंदा नाही."
ती हसली नाही.
चाक हलकं मिळतं, म्हणाली. त्याचं घर लहान करता येतं,
पण लहान घराचा दम वरच्या वेगाला संपतो.
कुणी दोन बसवतात, धाकटा आणि थोरला.
कुणी दांड्याला विजेची मोटर लावतात,
ते धुराची वाटच बघत नाहीत.
"किती पडेल?"
तिने आकडा सांगितला.
मी मागच्या कापसाकडे बघत राहिलो.

रऊफने तोवर लांब स्क्रूड्रायव्हर काढला.
टोक पाइपावर, मूठ दातांत.
त्याचा आजा गावोगाव कापूस पिंजायचा,
धुनकीची तात सांगायची म्हणे, कापूस ओला की कोरडा.
नातू जबड्याने ऐकतो.
शमीमने रेस वाढवली, कमी केली, परत वाढवली,
तो एकेक जोड चाचपत गेला डोळे मिटून,
इंटरकूलरच्या पुढे थांबला
आणि बोट वर केलं.

रबरी नळीला चीर. नखाएवढी.
नुसती बघितली तर मिटलेली,
दम भरला की उघडणारी.
ज्या हवेसाठी धूर एवढा राबत होता
ती अर्धी वाटेतच, फुकट, चाळीसगावच्या उन्हात.

नळी बदलली. टर्बो खोलला,
आतली पाती काजळीने एकमेकींना धरून बसलेली.
रात्रभर घमेल्यात डिझेलमध्ये ठेवली,
सकाळी शमीमने जुन्या टूथब्रशने सोडवली एकेक.

मग तिघं घाटात, काचांसकट.
शमीमच्या हातात मोबाइलचं घड्याळ.
"शून्य पॉइंट सहा," ती म्हणाली, थोडी नाराज,
"उरलाच."
बापाने तिचे ओठ वाचले.
"तेवढा त्याच्या पायाचा," माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला,
"गियर आधी उतरव.
घाट दिसल्यावर नाही,
घाट आठवल्यावर."

मी तिसरा टाकला, वळण अजून लांब असताना.
इंजिन जागं राहिलं.
पाय दाबला, गाडी आली,
न उसळता, पाणी भरलेली कळशी उचलावी तशी.
मागे काचा गप्प.

"किती झाले, रऊफभाई?" मी विचारलं.
तो खिडकीतून खाली बघत होता,
दरीत कुणाच्या तरी शेळ्या चढत होत्या.
शमीम त्याच्या गुडघ्याला हात लावणार,
मी मानेनेच नको म्हटलं.
वळण गेलं. दुसरं गेलं.
मग त्याने तोंड फिरवलं:
"काय म्हणना?"